टंचाई उन्हाळ्यात, आजार पावसाळ्यात

मार्च उजाडला की शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके पेपरात दिसू लागतात. बाकीचे महिने आम्ही असतो, पण बातमीत नसतो. फोटो ठरलेला असतो: भेगाळलेली जमीन, डोक्यावर दोन आणि कमरेवर एक हंडा घेतलेली बाई, विहिरीच्या तळाशी बसून वाटीनं पाणी भरणारी पोरगी. मथळाही ठरलेला: धरण उशाला, कोरड घशाला. हा मथळा छापून आला नाही, तर उन्हाळा सुरू झालाय यावर आमचा विश्वासच बसत नाही.

मग टँकर येतो. टँकरमागोमाग टँकरवरचा फ्लेक्स येतो. फ्लेक्सवर हात जोडलेले पाच-सहा जण असतात, त्यातल्या दोघांना तर गावात कुणी ओळखतही नाही. जूनमध्ये पाऊस पडतो, बातमीदार परत जातो आणि सरकारी हिशेबातला टंचाईचा काळ ३० जूनला संपतो. १ जुलैपासून कागदोपत्री आम्हाला तहान लागत नाही.

जुलैमध्ये बातमी बदलते. मुंबईकरांना दिलासा, तानसा काठोकाठ! सांडव्यावरून कोसळणाऱ्या पाण्याचा फोटो येतो, आणि खरं सांगायचं तर तो छानच दिसतो. नेमक्या त्याच दिवसांत आमच्या दवाखान्यांत जुलाब, उलट्या आणि तापाची रांग लागलेली असते. ऑगस्टपर्यंत त्या रांगेत पिवळे डोळे दिसू लागतात. या रांगेचा फोटो कुणी काढत नाही. काढण्यासारखा नसतोच म्हणा.

आज थोडी कुरकुर, थोडी चेष्टा आणि बरंचसं कामाचं बोलायचं आहे. माझं म्हणणं इतकंच: आपल्याकडे पाण्याचा प्रश्न बातम्यांत उन्हाळ्याचा असतो आणि दवाखान्यात पावसाळ्याचा. आपण मागणी मात्र बातमी बघून करतो. म्हणून टँकर मिळतो आणि जुलाब जागच्या जागी राहतात.

माणूस तोच, लिटर वेगळे

आधी थोडा हिशेब. तानसा धरण १८९२ सालचं, म्हणजे इंग्रजांच्या काळातलं. ते आणि नंतरचं भातसा, दोन्ही शहापूर तालुक्यात. मुंबईला रोज साधारण ४०० कोटी लिटर पाणी लागतं, त्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसातून जातं. मुरबाडच्या वाट्याला बारवी. ते धरण एमआयडीसीचं, पाणी कारखान्यांना आणि ठाणे जिल्ह्यातल्या अनेक शहरांना. काळू नदीवर आणखी एक धरण बांधायचं ठरलं होतं. गावकऱ्यांनी विरोध केला, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि २०१२ मध्ये काम थांबलं. आमच्याकडे दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पण खाली काळा पाषाण असल्यामुळे बरंचसं पाणी मुरत नाही, वाहून जातं. वाहून जातं ते अडवलेलं आहेच, फक्त दुसऱ्यासाठी.

आता माणशी रोज किती पाणी लागतं, याची सरकारी मापं बघा. महानगरासाठी १५० लिटर. गटारव्यवस्था असलेल्या इतर शहरांसाठी १३५. खेड्यासाठी जलजीवन मिशनमध्ये ५५. आणि टँकरवर असलेल्या गावासाठी २०. माणूस तोच, घसा तोच, पोटही तेच. कल्याणच्या पुढे गाडी गेली की त्याची गरज आपोआप कमी होते, असं हे शास्त्र आहे. मी वैद्यकीय शिक्षण घेतलं तेव्हा हा धडा अभ्यासक्रमात नव्हता.

डॉक्टर म्हणून २० लिटरचा अर्थ सांगतो. पिणं आणि स्वयंपाक यातच ते संपत येतं. मग काटछाट सुरू होते. सगळ्यात आधी शौचाहून आल्यावरचं साबणानं हात धुणं जातं. नंतर संडासात ओतायचं पाणी जातं, म्हणून संडास असूनही लोक बाहेर जातात. बाया मुद्दाम पाणी कमी पितात, मग लघवीची जळजळ घेऊन येतात. पावसाळ्यातल्या आजाराची पेरणी अशी एप्रिल-मेमध्येच झालेली असते.

२०२४ च्या ५ जूनपासून मुंबईत १० टक्के पाणीकपात झाली. त्याची बातमी मोठ्या अक्षरांत आली, चर्चा झाल्या, पाणी वाचवण्याचे सल्ले दिले गेले. त्यात काही चुकीचं नव्हतं. फक्त १० टक्के कशाचे, हा प्रश्न आमच्याकडच्या बाईला पडू शकतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मुंबईकर आपले शत्रू नाहीत. पहाटेच्या कसारा आणि आसनगाव लोकल भरून जातात त्या आपल्याच माणसांनी. कुणाची बहीण कांजूरला, कुणाचा मुलगा मुलुंडला. ते तिथे भातसाचंच पाणी पितात आणि त्यांनी ते खुशाल प्यावं. 'मुंबईचं पाणी तोडा' ही घोषणा सभेत टाळ्या मिळवते, पण तिनं आजवर कुणाचे जुलाब थांबलेले नाहीत.

लंडनच्या पडद्यांची गोष्ट

तानसा बांधणाऱ्या इंग्रजांच्या घरचीच एक गोष्ट ऐका. एकोणिसाव्या शतकात लंडनचं सगळं सांडपाणी थेम्स नदीत जायचं आणि बरेच लोक तेच पाणी प्यायचे. पटकीनं माणसं हजारांनी मरत होती. १८५४ मध्ये जॉन स्नो या डॉक्टरनं मृत्यू झालेल्यांची घरं नकाशावर मांडली आणि पटकी एका सार्वजनिक पंपाच्या पाण्यातून पसरतेय, हे दाखवलं. तेव्हा पंपाचा दांडा काढला. पण सगळ्या शहराच्या गटारांचं काम काही मार्गी लागलं नाही. समित्या बसल्या, वाद झाले, खर्च कुणी करायचा यावर घोडं अडलं. हे ऐकून तुम्हाला आपल्या गावाची आठवण आली तर तो योगायोग समजावा.

मग १८५८ चा उन्हाळा आला. उकाड्यानं थेम्सला अशी काही दुर्गंधी सुटली की नदीकाठच्या पार्लमेंटमध्ये बसणं अशक्य झालं. वास थोपवायला खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगले. तरी वास थांबेना. तेव्हा गटारांच्या कामाचा कायदा अवघ्या अठरा दिवसांत मंजूर झाला. बॅझलगेट नावाच्या इंजिनिअरनं ती गटारं बांधली. १८६६ मध्ये लंडनमध्ये पटकीची मोठी साथ पुन्हा आली, ती शहराच्या ज्या भागात गटारांचं काम पूर्ण व्हायचं होतं तिथेच.

हजारो मृत्यूंनी जे वर्षानुवर्षं झालं नाही, ते खासदारांच्या नाकानं अठरा दिवसांत केलं. राजकारण कुठल्याही देशाचं असो, वास नाकापर्यंत पोहोचला की हलतं. आपली अडचण ही आहे की डोळखांब किंवा टोकावड्याचा वास मंत्रालयापर्यंत जात नाही. जातो तो फक्त फोटो, आणि तोही उन्हाळ्यातला.

पहिल्या पावसात नेमकं काय होतं

उन्हाळ्यात विहीर, डवरा, ओढा आटतो. आजूबाजूच्या उघड्यावरची घाण, शेण, कचरा तिथेच सुकत राहतो. पहिला जोराचा पाऊस ते सगळं धुऊन पाण्यात आणून सोडतो. लोक खूश असतात, कारण दोन महिन्यांनी विहिरीत पाणी दिसलेलं असतं. गावात नळयोजना असली तरी सुटका नाही. पाइप फुटलेला असेल आणि नळाला तासभरच पाणी येत असेल, तर उरलेले तेवीस तास पाइप रिकामा असतो. त्या वेळी बाहेरचं गढूळ पाणी फटीतून आत शिरतं.

मग पाण्याची किंमत हप्त्याहप्त्यानं वसूल होते. जुलाब आणि पटकी काही तासांत ते चार-पाच दिवसांत दिसतात. टायफॉइडला एक ते तीन आठवडे लागतात. पाण्यातून होणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए आणि ई, बहुधा महिन्या-दीड महिन्यानं डोळ्यांत उतरते. जूनमध्ये प्यायलेल्या पाण्याची कावीळ जुलै-ऑगस्टमध्ये येते. तोवर ती कुठल्या पाण्यानं झाली हे कुणाला आठवत नाही. घरचे म्हणतात, 'उन्हात फिरला म्हणून झाली.'

यातली बहुतेक कावीळ आपली आपण बरी होते. त्यामुळे नाकात थेंब टाकणाऱ्या, माळ घालणाऱ्या सगळ्यांचीच औषधं लागू पडतात आणि श्रेय वाटून घेतलं जातं. पण गरोदर बाईची गोष्ट वेगळी. शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला, तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायांचा जीव जाऊ शकतो. म्हणून गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले, तर माळ नको, थेंब नकोत, त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.

नुसतं पाणी आणि शुद्ध पाणी

धरणाकडे बोट दाखवताना एक गोष्ट आपण विसरतो. मुंबईला धरणाचं पाणी तसंच्या तसं जात नाही. पांजरापूर आणि भांडुपच्या केंद्रांत ते गाळलं जातं, त्यात क्लोरीन मिसळलं जातं, तपासलं जातं आणि मगच नळाला सुटतं. मुंबईच्या आरोग्याचं अर्धं गुपित या केंद्रांत आहे. उद्या भातसाची वाहिनी थेट आपल्या पाड्यावर आणून सोडली आणि शुद्धीकरण केलं नाही, तर हंड्याची पायपीट थांबेल, जुलाब थांबणार नाहीत.

शहापूरच्या गावांसाठी इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून उताराच्या जोरावर पाणी आणायची योजना आहे. आपली धरणं खोलगट भागात आणि पाडे उंचावर, त्यामुळे पंपाशिवाय पाणी आणायचं तर घाटावरून खाली, हा विचार बरोबर आहे. २०१९ च्या १५ ऑगस्टला जाहीर झालेल्या जलजीवन मिशनचं 'हर घर नल' २०२४ पर्यंत पूर्ण व्हायचं होतं, आता मुदत २०२८ पर्यंत वाढली आहे. नळाच्या तोट्या अनेक अंगणांत आधीच पोहोचल्या आहेत. त्यांना दोरी बांधून कपडे वाळत घालता येतात. पाणी आलं की तोही उपयोग होईल.

तोवर गावाच्या हातात काय आहे? बरंच आहे, आणि ते स्वस्तही आहे. ब्लीचिंग पावडर, जिला आपण टीसीएल म्हणतो, ती चांगल्या प्रतीची असेल तर हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम पुरते. म्हणजे दहा हजार लिटरच्या टाकीला २५ ग्रॅम. प्रत्येक ग्रामपंचायतीत हे काम करायला जलसुरक्षक नेमलेला असतो. पाण्यात क्लोरीन उतरलं की नाही हे ओटी टेस्टनं कळतं. नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे. नळीतलं पाणी पिवळं दिसलं की गावात डोळे पिवळे होण्याची शक्यता कमी, इतकं हे सोपं आहे. ही तपासणी टाकीपाशी करून भागत नाही, शेवटच्या घरच्या नळाला करावी लागते.

अडचण कुठे येते? पावडरीचं पोतं ओलाव्यात उघडं राहतं आणि तिचा जोर निघून जातो. मग ती टाकली काय आणि खडूची भुकटी टाकली काय, सारखंच. कधी पावडर चांगली असते, पण पाणी गढूळ असतं आणि त्या गढूळपणातच क्लोरीन खर्ची पडतं. कधी लोकच ओरडतात, 'पाण्याला वास येतो, टाकू नका.' वासाचा त्रास एक दिवसाचा, टायफॉइडचा तीन आठवड्यांचा, हे आता तुम्हीच शेजारी सांगा.

आरोग्य खातं वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, गावाच्या पाणीव्यवस्थेची पाहणी करतं आणि ग्रामपंचायतीला कार्ड देतं. धोका जास्त असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळं, कमी असेल तर हिरवं. फुटबॉलमध्ये लाल कार्ड मिळालं की खेळाडू मैदानाबाहेर जातो. आपल्याकडे कार्ड कपाटात जातं. गावाला कुठलं कार्ड मिळालं हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. आमदार कुठल्या पक्षात आहेत हे मात्र सगळ्यांना ठाऊक असतं, निदान सकाळपर्यंतचं तरी.

'डॉक्टर, एक बाटली लावा'

आता माझी रोजची कुरकुर. जुलाबाचा पेशंट आत येतो, बसायच्या आधीच म्हणतो, 'एक बाटली लावा.' बाटलीत असतं मीठ आणि पाणी, फार तर साखर. तेच ओआरएसच्या पाकिटात असतं. पण ते प्यायचं असतं, टोचायचं नसतं, म्हणून त्याला किंमत नाही.

१९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रममध्ये भरून नातेवाइकांच्या हातानं रुग्णांना पाजलं. मृत्यूचं प्रमाण जवळपास ३० टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. जे पटकीला पुरलं, ते आपल्या साध्या जुलाबाला नक्की पुरेल.

घरी एवढं करा:

पाणी गढूळ असेल तर तुरटी फिरवून निवळू द्या, जाड फडक्यानं गाळा आणि मगच त्यात मेडिक्लोर टाका. किती थेंब ते बाटलीवर लिहिलेलं असतं. अर्धा तास थांबून प्या. नाहीतर पाणी खळखळून उकळा, उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे.

लग्नात, सभेत येणारा जार गार असतो. गार म्हणजे शुद्ध नव्हे.

जुलाब सुरू झाले की एक लिटर पिण्याच्या पाण्यात ओआरएसचं पूर्ण पाकीट घाला. अर्धं घालून अर्धं ठेवू नका. पाकीट नसेल तर सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. सहा महिन्यांवरच्या मुलाला झिंक २० मिलिग्रॅम रोज, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, दोन्हींना १४ दिवस. अंगावरचं दूध बंद करायचं नाही.

मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, सहा तास लघवी नाही, शौचात रक्त आहे, किंवा पाजलेलं काहीच पोटात राहत नाही, तर मात्र वाट बघू नका. अशा वेळी बाटली लागते आणि ती आम्ही आनंदानं लावतो.

१ मेच्या ग्रामसभेत

राजकारण मंत्रालयात होतं असं आपण समजतो, कारण टीव्हीवर तेवढंच दिसतं. कोण कुणाला भेटला, कोण नाराज आहे, यावर आपण तासभर बोलू शकतो. गावच्या टाकीत काल पावडर पडली का, यावर एक मिनिटही नाही. खरं तर या दुसऱ्या प्रश्नावर आपल्या मताला जास्त वजन आहे, कारण ज्याला विचारायचं तो आपल्याच गल्लीत राहतो.

१ मेला ग्रामसभा असते. पावसाला महिनाभर बाकी असतो, म्हणजे वेळ अगदी योग्य. तिथे चार प्रश्न विचारा. आपल्या गावाला कार्ड कुठल्या रंगाचं मिळालं? पावसाळाभर पुरेल इतकी चांगली पावडर आहे का आणि ती कोरड्या जागी ठेवली आहे का? ओटी टेस्टची वही दाखवाल का, त्यात शेवटच्या घराचं नाव आहे का? फुटके पाइप आणि विहिरीचा कठडा ३१ मेच्या आत दुरुस्त होणार का? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. नंतर १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तेच चार प्रश्न पुन्हा विचारा आणि सोबत जून-जुलैत गावात कितीजणांना जुलाब आणि कावीळ झाली हेही विचारा.

एक विनंती सगळ्यांना. एकाच आळीत दोन-चार घरांत जुलाब झाले, तर आशाताईंना त्याच दिवशी कळवा, प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगा. खासगी दवाखान्यात बाटली लावून घरी गेलेला पेशंट कुठल्याच आकड्यात येत नाही, आणि जो आकड्यात नाही त्याच्यासाठी कुणी टाकी धुवायला येत नाही. आम्हा डॉक्टरांनीही हे कळवायचं काम केलं पाहिजे, ते केवळ सरकारी दवाखान्याचं नाही.

टँकर मागा, तो हक्कच आहे. भावलीचं पाणीही मागा. पण मागताना नुसतं पाणी मागू नका, पिण्याजोगं पाणी मागा, आणि ते मे महिन्याइतक्याच जोरानं जुलैमध्येही मागा.